रविवारचा जुन्या कंट्री संगीताचा जॅम: ॲम्प आणायचा का नाही?

प्रेषक: मंदार

मंडळी, नमस्कार.
हॉलवाल्यांचा काल फोन येऊन गेला. गेल्या वेळसारखा आवाज पुन्हा झाला तर पुढचं बुकिंग मिळणार नाही म्हणाले. त्यामुळे रविवारी आवाज वाढवणारं काहीही, ॲम्प, माइक, स्पीकर, आणू नये. लाकडी वाद्यं आणि आपले गळे, बस्स. वेळ 2 ते 5. नऊ जण नक्की आहेत, शिवाय माझ्या शेजारचे फिडलवाले (म्हणजे व्हायोलिनवाले) आजोबा आणि त्यांचे बँजोवाले मित्र. गाणी 1960 च्या आधीची. प्रत्येकाने दोन बसवून या आणि पट्टी आत्ताच कळवा, म्हणजे तिथे वेळ जाणार नाही.

प्रेषक: अरविंद

मंदार,
म्हणजे मी येऊ नये, असंच ना? माझ्या पेडल स्टीलला, म्हणजे पायांवर उभ्या केलेल्या पेडलवाल्या गिटारला, साध्या गिटारसारखं पोकळ पोट नसतं. तारांखाली त्यांचा आवाज ॲम्पकडे नेणारा पिकअप असतो. ॲम्प नसेल तर ती माझी मलाच ऐकू येते. दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याने ढकलायचे चार नी-लिव्हर, एवढं सगळं मांडून मुकाट बसू?

मी 1968 साली गिरगावात हवाईन गिटार शिकलो. मास्तरांची चाळीतली खोली, मांडीवर गिटार, डाव्या हातात लोखंडी कांडी. हवाईन गिटारवाले व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून पार झिजवल्या होत्या. इथे नॅशव्हिलला आलो तेव्हा ब्रॉडवेवर एका दारातून स्टीलचा आवाज आला आणि मी फुटपाथवर थांबलोच. आत मास्तर वाजवतायत असं वाटलं. तेच वाद्य आहे हे. हवाईतून आपल्याकडे आलं, तसंच इकडेही आलं. इकडे त्याला पाय फुटले, एवढाच फरक. 1954 साली आलेल्या, वेब पिअर्स या कंट्री गायकाच्या रेकॉर्डवर बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर सरकवला, आणि त्यानंतर ज्याला त्याला तोच आवाज हवा झाला. 1960 च्या आधीची गाणी म्हणतोस आणि स्टील बाहेर ठेवतोस, हे मला पटत नाही.

प्रेषक: मंजिरी

अरविंदकाका, तुमचं म्हणणं कळलं, पण एक आधीच स्पष्ट करते. मंडळाची साउंड सिस्टीम या जॅमला मिळणार नाही. ती गणपतीसाठी वर्गणी काढून घेतलेली आहे. मार्चमध्ये नेली तेव्हा एक माइक स्टँड मोडून परत आला आणि दोन वायरी आल्याच नाहीत. हॉलचं बुकिंगही मंडळाच्या नावावर आहे. तक्रार झाली तर दिवाळीच्या वेळी हॉलवाल्यांची बोलणी मला खावी लागतात. बाहेरचे वादक बोलावताना सांस्कृतिक समितीला विचारायला हवं होतं, हेही नमूद करते.

प्रेषक: सुनील

मंजिरीताई, सिस्टीम कुणी मागितलेलीच नाही. आणि त्या दोन वायरी कोजागिरीच्या खोक्यात आहेत, दुधाच्या पातेल्याखाली. मी स्वतः ठेवल्या आहेत. फिडलवाले आजोबा पाडव्याला आपल्या मुलांना दोन तास शिकवून गेले, ते आता बाहेरचे कसे?
मी पेटी आणतोय. तिला वीज लागत नाही.

प्रेषक: अरविंद

सुनील, पेटी नको रे. संक्रांतीला मी ट्यूनर लावून पाहिला होता, तुझी पेटी 440 च्या, म्हणजे बाकीची वाद्यं ज्या ठरलेल्या सुरावर लावतात त्याच्या, बरीच वर बोलते. गिटार, फिडल, बँजो दोन मिनिटांत तिच्याशी जुळवून घेतील. माझ्या स्टीलला नुसत्या दहा तारा लावून भागत नाही. प्रत्येक पेडल कुठली तार किती खेचणार, ते कडेच्या पट्टीवरच्या बारीक नटांनी वेगळं लावावं लागतं. एक तास गेला समज.

प्रेषक: सुनील

काका, पेटी आईची आहे. 2003 साली पुण्याहून येताना मांडीवर घेऊन आलो, सामानात दिली नाही. पण तुमची अडचण खरी आहे. राहू दे घरी. मी गिटार घेतो.

प्रेषक: नितीन

ढोलकी चालेल का? तिला ॲम्पही नको आणि 440 चं भांडणही नाही.

प्रेषक: मंदार

नितीन, गेल्या वेळी आवाज नेमका ढोलकीचाच झाला होता. ग्रँड ओल ऑप्री या इथल्या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमातही ड्रमला कित्येक वर्षं मज्जाव होता. कंट्री गायक जॉनी कॅश गिटारच्या तारांखाली कागदाची घडी सरकवून वाजवायचे, म्हणजे ड्रमसारखी खरखर यायची. तू तसं कर. मी घरी करून बघितलं, जाड कागद हवा, गिटारच्या दांडीवरच्या चौथ्या-पाचव्या पट्टीच्या वरून ओवायचा. ठेका इतका स्वच्छ येतो की आणखी काही लागत नाही.

प्रेषक: शुभदा

मी गाणार आहे. पट्टी काळी चार. आधीच कळवून ठेवते, नाहीतर ऐनवेळी खाली उतरून गायला लावतात आणि खालचे सूर माझे मलाच ऐकू येत नाहीत.

प्रेषक: शर्वरी

सगळ्यांना नमस्कार. मी इथल्या दोन जॅमना नियमित जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शुभदामावशी, काळी चारला गिटारवाले कॅपोचा चिमटा तारांवर लावतील, अरविंदकाका कांडी हवी तिथे सरकवतील. अडचण फिडलची आहे. त्याच्या मोकळ्या तारा पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. जुन्या कंट्रीचा फिडल या मोकळ्या तारांवरच बोलतो, काळी चारला त्या एकदम मुक्या होतात. तुम्ही पांढरी पाचला अर्धा सूर खाली गायलात तर आजोबांचा आवाज दुप्पट खुलेल. मी तुमचं गाणं ऐकलंय, तुम्हाला ते जमेल. तरीही जड वाटलं तर पांढरी सहा घ्या.

कॉर्ड्स लिहून आणू नका. नॅशव्हिलचा नंबराचा हिशोब वापरू. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चौकडीतल्या नील मॅथ्यूज यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस तो बसवला. एक, चार, पाच, म्हणजे आपला सा, म, प. पांढरी पाचला एक म्हणजे जी, चार म्हणजे सी, पाच म्हणजे डी. पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. गाणारा बोटं वर करून आकडा दाखवतो, बाकीचे बघतात. ज्यांनी लहानपणी सरगम म्हटलीय त्यांना हे पाच मिनिटांत येतं. आपल्या मंडळाला हे इतकं सोपं जावं आणि आपण अजून कॉर्डच्या झेरॉक्स वाटाव्यात, याचं मला वाईट वाटतं.

आता ॲम्प. काल संध्याकाळी मी आणि अरविंदकाका हॉलवर जाऊन आलो, किल्ली मंजिरीताईंनीच दिली. काकांचा लहान ॲम्प त्यांच्या मागे खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवला. जमिनीवर ठेवला की काकांना स्वतःचं कमी ऐकू येतं आणि मग ते आवाज वाढवतात. व्हॉल्यूम दोनच्या खाली. मी आधी स्टीलबरोबर गिटार वाजवली, मग दार लावून पार्किंगमध्ये उभी राहिले आणि काकांना एकट्याने वाजवायला सांगितलं. काही ऐकू आलं नाही. मग आत येऊन माझी स्वतःची गिटार जोरात झोडली आणि काकांना बाहेर पाठवलं. ती बाहेर ऐकू आली. काका दारातूनच ओरडले, "ही तुझीच!" 

तेव्हा बंदी ॲम्पवर नको, जोरात वाजवण्यावर हवी. जॅममध्ये मी शिकलेला नियम असा: गाणाऱ्याचे शब्द ऐकू आले नाहीत की आपण जास्त वाजवतोय. आणि कुणी गात असेल तेव्हा एकाच वाद्याने मधल्या जागा भराव्यात, बाकीच्यांनी नुसता ठेका धरावा. कंट्री गायक हँक विल्यम्सबरोबर डॉन हेल्म्स स्टील वाजवायचे, त्यांच्या स्टीलला तर पेडलही नव्हतं. हँक खाली गायचे, हे वरच्या सुरांत राहायचे. म्हणून दोघेही स्वच्छ ऐकू येतात. मोठ्या आवाजाची तिथे गरजच पडली नाही.

प्रेषक: मंजिरी

किल्ली दिली ती कशासाठी हे तेव्हा सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, शर्वरी. पण पार्किंगमध्ये जाऊन बघितलंत हे आवडलं. एक ॲम्प, काकांचाच, दोनच्या खाली. हॉलवाल्यांना मी आज फोन करून सांगते, म्हणजे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. खोकं उघडलं, वायरी पातेल्याखालीच होत्या. धन्यवाद सुनील.

प्रेषक: मंदार

ठरलं तर. एकच ॲम्प. नितीन, कागद विसरू नकोस. आजोबांना नंबरांचं विचारलं, म्हणाले आम्ही आयुष्यभर तसंच वाजवलंय, त्यात शिकायचं काय.

प्रेषक: शुभदा

पांढरी पाचला गाऊन बघितलं. दुसऱ्या कडव्यात श्वास पुरतो. पाचच ठेवा.

प्रेषक: अरविंद

मी 1:15 ला येतो, पाय जोडून पेडलच्या सळ्या लावायला अर्धा तास जातो. एक्स्टेंशन वायर आणि खुर्ची घरून आणतो, हॉलच्या खुर्च्या स्टीलला उंच पडतात. सुनील, तू पेटी गाडीत ठेवच. 5 नंतर सगळे पांगले की मी मांडीवरची जुनी हवाईन काढतो. ती तुझ्या आईच्या पेटीशी दोन मिनिटांत जुळवतो.