फोटो मोबाईलातच लहान करायचा का जसाचा तसा पाठवायचा? अन् फिरवायचा कोणी?

धुऱ्यावरचा_कोडर (दारव्हा तालुका)

भाऊ लोक, दोन दिवसांपासून डोकं खाऊन राहिलेला विषय आहे म्हणून इथं टाकतो. आमच्याकडच्या एका शेतकरी गटासाठी मी अँड्रॉइड ॲप करून दिलं, साधंच आहे, कास्तकारानं वावरात जायचं, पऱ्हाटीचा (कपाशीचा) नाहीतर सोयाबीनचा फोटो काढायचा, गाव अन् गट नंबर टाकायचा, पाठवायचं, बस. माझ्या फोनवर मस्त चालते. काल काकाच्या वावरात घेऊन गेलो, त्याचा फोन २ जीबी रॅमचा, तीन फोटो निघाले अन् चौथ्याला कॅमेऱ्यातून परत आलो तर ॲप पहिल्या पानावर, फॉर्म कोरा. ना एरर ना काही. काकानं तीनदा गट नंबर टाकला अन् चौथ्यांदा फोन माझ्या हातात देऊन म्हणे, "तूच भर बावा, मी ढोरं पाहतो."

घरी येऊन हिशेब केला. फोटो १२ मेगापिक्सेलचा, ४००० गुणिले ३०००. फाईल ४ एमबीची दिसते म्हणून आपल्याले वाटते मेमरीतही ४ एमबीच जात असतीन. पण जेपेग उघडला की एकेका पिक्सेलले ४ बाइट, म्हणजे सरळ ४८ एमबी! अन् दाखवायचा कुठं, तर लिस्टमधल्या आगपेटीएवढ्या चौकटीत. वरून फोटो आडवा येते म्हणून मी मॅट्रिक्स लावून ९० अंश फिरवत होतो, तर फिरवताना नवीन बिटमॅप (मेमरीत उघडलेलं चित्र) बनते अन् जुना अजून जिवंतच असते, म्हणजे एका फोटोमागं ९६ एमबी.

माझं मत आता पक्कं झालं आहे, फोटो आधी पूर्ण उघडून मग लहान करणं म्हणजे एक वाटी वरणासाठी पोतंभर तूर शिजवणं. उघडतानाच लहान उघडा, फिरवणं सगळ्यात शेवटी, अन् वर पाठवायचा तोही १६०० पिक्सेलचाच. माझा पार्टनर म्हणते मूळ फाईल जाऊ दे, सर्व्हर पाहून घेईल. बोला.

मेहकरवाला_पुण्यात

ग्लाइड लाव नाहीतर कॉइल लाव, फोटो दाखवायच्या तयार लायब्रऱ्या आहेत, विषय संपला. हे सगळं त्या लोकांनी करून ठेवलंय, चौकटीच्या मापात डीकोड करणं (उघडणं), एक्झिफ (फोटोच्या आत लिहिलेली तारीख, दिशा वगैरे माहिती) बघून सरळ करणं, ग्लाइडमध्ये तर वापरलेले बिटमॅप पुन्हा वापरायला पूलमध्ये ठेवणंसुद्धा. हाताने बिटमॅपफॅक्टरी (अँड्रॉइडचं फोटो उघडायचं मूळ साधन) वापरायचा हट्ट कशाला? मी ऑफिसात ज्युनियरला असला कोड दिसला की रिव्ह्यूमध्येच परत पाठवतो.

धुऱ्यावरचा_कोडर

लिस्टसाठी ग्लाइड लावतो, मान्य. पण अपलोडचा फोटो? तिथं दाखवणं नाही, तिथं फाईल बनवणं आहे. अन् लायब्ररीच्या आत काय चाललं हे समजलं नाही तर तिथंही तू ओरिजिनल साइज मागून बसशील अन् मग ग्लाइड बिचारा काय करणार.

मेहकरवाला_पुण्यात

अपलोडसाठी पण ग्लाइडकडून १६०० चा बिटमॅप मागता येतो की, बॅकग्राउंड थ्रेडवर. पण ठीक आहे, आत काय चालतं ते माहीत असावं हे मान्य. फक्त माहीत असणं वेगळं आणि स्वतः लिहून सांभाळत बसणं वेगळं.

संत्रापट्टी (वरुड)

मी पार्टनरच्या बाजूनं. मूळ फोटोच गेला पाहिजे. कारण सांगतो, तुम्ही लोक फोटोला फक्त मेमरी म्हणून पाहून राहिले. आमच्याकडं संत्र्याच्या पानावर काळी माशी असते, पिल्लं पानाच्या मागच्या अंगाला चिकटलेली, टाचणीच्या टोकाएवढी. ४००० चा फोटो १६०० वर आणला की ते काळे ठिपके पानाच्या शिरांत मिसळून जातात, मग तज्ज्ञ तिकडून लिहिते "फोटो स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा", अन् कास्तकार पुन्हा बागेत जाते का? नाही जात. अन् नुकसानीचा फोटो असला तर तारीख अन् लोकेशन फोटोच्या आत लिहिलेलं असते, तुम्ही डीकोड करून पुन्हा कॉम्प्रेस केला की ते सगळं गायब. नुकसान कधी झालं हे दाखवायचं असते, तिथं तारखेचा पुरावाच तुम्ही पुसून टाकून राहिले.

धारणी_टॉवर

@संत्रापट्टी वरुडात नेटवर्क आहे म्हणून बोलून राहिले साहेब. मेळघाटात या एकदा. चांगल्या दिवशी सेकंदाला ५० केबी मिळते, ४ एमबीच्या एका फोटोला ८० सेकंद, तेही मध्ये तुटलं नाही तर. दहा फोटो म्हणजे तेरा मिनिटं फोन हातात वर धरून टेकडीवर उभं राहायचं. तोच फोटो १६०० वर आणला, क्वालिटी ८० ठेवली की तीनचारशे केबीत बसते. तुमचा तो स्पष्ट फोटो आमच्याकडून पोहोचतच नाही, मग स्पष्ट काय अन् पुसट काय.

संत्रापट्टी

ते मान्य, पण म्हणून सगळ्यांचाच लहान करायचा? वायफाय आलं की मूळ पाठवा.

धारणी_टॉवर

वायफाय 😂

वैनगंगा_काठ

दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे आणि मधला रस्ता अँड्रॉइडमध्येच आहे. बिटमॅप रीजन डीकोडर नावाची चीज आहे, फार जुनी, २.३ च्या काळापासूनची. तिला मूळ फाईल द्यायची आणि सांगायचं की मला फक्त हा चौकोन पाहिजे, ती तेवढाच भाग पूर्ण बारकाईनं उघडून देते. म्हणजे अख्खा फोटो १६०० चा पाठवा आणि कास्तकाराला बोट ठेवून विचारा "कीड कुठं दिसते", तिथला ८०० गुणिले ८०० चा तुकडा मूळ पिक्सेलचा सोबत जोडा. त्या तुकड्याला मेमरी लागते अडीच एमबी. माशी दिसते, टॉवरही रडत नाही.

बाकी धागाकर्त्यासाठी. आधी बिटमॅपफॅक्टरीत इनजस्टडीकोडबाउंड्स खरं (ट्रू) करून एकदा वाचा, त्यात पिक्सेल उघडत नाहीत, फक्त लांबी रुंदी कळते. मग इनसॅम्पलसाइज (किती पट लहान उघडायचं तो आकडा) द्या, पण ते २, ४, ८ असंच चालतं, ३ दिलं तर खाली धरून २ करतं. ४००० ला ४ दिलं की १०००, बाजू चौथाई आणि मेमरी सोळावा हिस्सा, म्हणजे ४८ चे ३ एमबी. १६०० पाहिजे असेल तर २ देऊन २००० वर आणा, १२ एमबी, आणि तिथून नेमकं १६०० वर स्केल करा. एकदम ४००० वरून २०० वर साध्या फिल्टरनं खेचू नका, मधले पिक्सेल नुसते सुटून जातात आणि पऱ्हाटीच्या ओळी करवतीच्या दातासारख्या दिसतात.

आणि हे स्वस्त का पडतं त्यात खरी गंमत आहे. जेपेगमध्ये चित्र ८ गुणिले ८ च्या ठोकळ्यांत साठवलेलं असतं, आणि प्रत्येक ठोकळ्याचा पहिला आकडा म्हणजे त्या ठोकळ्याची सरासरी. आठवा हिस्सा मागितला की डीकोडर तो एक आकडा घेतो आणि पुढं जातो, बाकीचे ६३ आकडे फाईलमधून वाचावे तर लागतात पण त्यांचं गणित करावं लागत नाही. पीएनजीत ही सोय नाही, तिथं सगळंच उलगडावं लागतं. म्हणून कॅमेऱ्याचा फोटो पीएनजी करून ठेवणाऱ्याला माझ्यातर्फे एक नमस्कार.

आर्वीकर

मले एक सांगा, एवढा खटाटोप कायले? २ जीबीचे फोन किती दिवस राह्यतीन? पोट्टे सगळे ६ जीबी ८ जीबी घेऊन फिरून राह्यले. मेनिफेस्टमधी (ॲपच्या सेटिंगच्या फाईलीत) लार्जहीप टाका, ॲपले जास्त मेमरी भेटते, अन् मोकळे व्हा. अन् आउटऑफमेमरी (मेमरी संपल्याची एरर) आली तं कॅच करा, दुसऱ्यांदा लहान साइजनं उघडा. चार ओळीचं काम हाय, तुमी ग्रंथ लिहून राह्यले.

वैनगंगा_काठ

भाऊ, कॅचमध्ये एक्सेप्शन लिहिलं असेल तर ती सापडायचीच नाही, आउटऑफमेमरी ही एररच्या खानदानातली आहे, एक्सेप्शनच्या नाही. आणि लार्जहीपचं म्हणाल तर २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून बिटमॅपचे पिक्सेल जावा हीपमध्ये (ॲपला मोजून मिळालेल्या मेमरीत) राहतच नाहीत, नेटिव्ह मेमरीत जातात. म्हणजे हीपची मर्यादा वाढवून पिक्सेलला काही फायदा नाही.

आर्वीकर

मंग तं चांगलंच झालं ना, मर्यादाच नाही राह्यली.

वैनगंगा_काठ

मर्यादा गेली ॲपची, फोनची रॅम तेवढीच आहे. आधी ॲप ओरडून मरायचं, आता न ओरडता मरतं. काकाच्या फोनवर तेच झालंय बघा. तुम्ही कॅमेरा उघडला म्हणजे तुमचं ॲप मागं गेलं, कॅमेऱ्याला मेमरी पाहिजे, सिस्टीम बघते की मागं कोण जास्त जागा अडवून बसलंय, तुम्ही शंभर एमबी घेऊन बसलेले, तुम्हालाच उडवते. परत आल्यावर ॲप नव्यानं सुरू होतं म्हणून फॉर्म कोरा. त्यामुळं फोटो लहान करालच, पण गट नंबर टाकला की लगेच सेव्ह पण करा, ते काही बिटमॅपचं पाप नाही, ते तुमचं आहे.

धुऱ्यावरचा_कोडर

मान्य. ते माझंच आहे. 🙏

@आर्वीकर भाऊ, पोट्ट्यांकडं ८ जीबी आहे पण वावरात फोटो पोट्टे नाही काढून राहिले, त्यांचा जुना फोन बापाकडं जाते अन् बाप जाते वावरात. चार्जिंग पॉइंट ढिला, काच फुटलेली, मेमरी पोरांच्या व्हिडिओनं भरलेली. माझा ग्राहक तो फोन आहे.

आर्वीकर

हे मातर खरं बोलला. माह्या बुढ्याचा फोन तसाच हाय.

मेहकरवाला_पुण्यात

आता फिरवण्याचं बोला. माझं म्हणणं, पिक्सेल फिरवायचेच नाहीत. कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये आडवा बसवलेला असतो, बरेच फोन फोटो तसाच आडवा लिहितात आणि सोबत एक्झिफमध्ये एक आकडा टाकतात, ६ असला तर उजवीकडे ९० अंश फिरवून दाखवा, ८ असला तर डावीकडे, ३ असला तर उलटा, १ म्हणजे सरळ. मग दाखवताना कॅनव्हास फिरवा, नवीन बिटमॅप लागत नाही. पाठवताना तो आकडा सोबत पाठवा. झालं. अँड्रॉइड ९ पासूनचा इमेजडीकोडर तर उघडतानाच तो आकडा बघून सरळ करून देतो, वरून माप पण सांगता येतं.

धुऱ्यावरचा_कोडर

काकाचा फोन ८.१ आहे. अन् बिटमॅपफॅक्टरी तो आकडा पाहतच नाही.

संत्रापट्टी

इथं मी उलट बाजूला. पिक्सेलच फिरवून पाठवा. आकडा सगळ्यांना कळते असं समजू नका. आमच्या इथं एका वेबपानावर फोटो चढले, ते बनवणाऱ्यानं फोटो पुन्हा कॉम्प्रेस करताना एक्झिफ टाकून दिलं, झालं, सगळी संत्र्याची झाडं आडवी पडलेली! वरून साहेब विचारते वादळ कधी आलं.

मेहकरवाला_पुण्यात

हाहाहा. पण ती चूक त्यांची.

संत्रापट्टी

चूक कोणाचीही असो, झाड माझं आडवं दिसते.

धुऱ्यावरचा_कोडर

मी काल रात्री तेच केलं, आधी १६०० वर आणला अन् मग फिरवला. आता फिरवायचा बिटमॅप साडेसात एमबीचा, त्याची दुसरी प्रत झाली तरी पंधरा, ९६ कुठं अन् १५ कुठं. म्हणजे पिक्सेल फिरवा का आकडा ठेवा हे भांडण लहान केल्यावर फार उरतच नाही. क्रम महत्त्वाचा.

दोन ठिकाणी आपटलो ते सांगून ठेवतो. एक, संत्रापट्टी भाऊंचं ऐकून तारीख अन् लोकेशन मूळ फोटोतून नवीन फाईलमध्ये कॉपी केलं, सगळेच टॅग सरसकट कॉपी केले, त्यात तो ६ पण गेला. पिक्सेल आधीच सरळ केलेले, वरून ६ लिहिलेला, पाहणाऱ्या ॲपनं अजून एकदा फिरवला, फोटो परत आडवा, फक्त आता दुसऱ्या कुशीवर. अर्धा तास मले वाटे फिरवणं चालतच नाही. शेवटी १ लिहिला अन् सुटलो. दुसरं, ६ किंवा ८ असला की लांबी रुंदीची अदलाबदल होते, हे सॅम्पलसाइज काढायच्या आधी करायचं, मी नंतर करत होतो म्हणून उभे फोटो उगाच पुसट येत होते.

धारणी_टॉवर

मेमरीच वाचवायची तर आरजीबी ५६५ (रंग कमी छटांत साठवायची पद्धत) वापरा ना, ४ ऐवजी २ बाइट, सरळ निम्मं.

वैनगंगा_काठ

लिस्टच्या चौकटीसाठी चालेल. पानाच्या फोटोला नको. त्यात लाल आणि निळ्याला ३२ छटा, हिरव्याला ६४, बस. सोयाबीनवर पिवळा मोझॅक ओळखायचा म्हणजे हिरव्यातून पिवळा कसा उतरत जातो तेच बघायचं असतं, आणि तिथंच पट्टे पडतात. ग्लाइडनं सुद्धा तिसऱ्या आवृत्तीत ५६५ ठेवलं होतं, चौथ्यात ८८८८ (४ बाइटचं) केलं.

धारणी_टॉवर

बरं. पिवळ्यावर पैसे वाचवत नाही.

धुऱ्यावरचा_कोडर

आज पुन्हा काकाकडं जाऊन आलो. २३ फोटो, ॲप एकदाही बंद पडलं नाही, काकानं स्वतः सगळे पाठवले, वरून शेजारच्याले पण दाखवलं. पण त्यातले ४ आडवे आलेच. टॅग पाहिले तर चारही फोटोंत १, म्हणजे फोनच्या मते सरळ. काका म्हणे मी तर उभाच धरला होता.

आर्वीकर

कोणता फोटो होता? खालच्या पानाचा?

धुऱ्यावरचा_कोडर

हो, चारही खालच्या पानाचे. काहून?

आर्वीकर

मंग फोन कसा उभा राहीन? वाकून, फोन जमिनीले समांतर धरून फोटो काढला असन. तवा फोनले उभं आडवं काही समजत नाही, तो गुरुत्वाकर्षणावरून ठरवते अन् ते तं सरळ खाली चाललं. मंग आधी जसा धरला होता तेच धरून चालते. माह्या बायकोचे रांगोळीचे सगळे फोटो असेच हाय, अर्धे आडवे अर्धे उभे. तिथं तुमचा एक्झिफ बी खोटा अन् इमेजडीकोडर बी खोटा. फोटोखाली एक फिरवायचं बटन द्या, गोल बाणाचं, काका दाबन. अन् ते दाबल्यावर पिक्सेल नका फिरवू, आकडा बदला फक्त, पाठवाच्या टायमाले काय ते एकदाच करा.

मेहकरवाला_पुण्यात

@आर्वीकर लार्जहीप सांगणारा माणूस हाच का? 😄

आर्वीकर

लार्जहीप बी टाकून पाहा म्हटलं होतं, टाकाच नव्हतं म्हटलं.

धुऱ्यावरचा_कोडर

बटन टाकून राहिलो. बोटानं दाबायला मोठं ठेवतो, काकाच्या फोनची काच खालच्या कोपऱ्यात फुटली आहे, तिथं टच लागत नाही, वर डावीकडं देतो.