नायट्रॉक्सचे जादा पैसे भरावे का, की साधी हवाच बरी?

नवशिका_मासा

मंडळी एक शंका आहे, हसू नका. माझ्या आत्तापर्यंत २६ स्कुबा डायव्ह झाल्यात, सगळ्या साध्या हवेवर, एकदाच २८ मीटरला गेलोय, बाकी सगळ्या १२ ते १८ च्या मधल्या. आता पाच दिवसांची बोट ट्रिप ठरलीय, दिवसाला तीन कधी चार डायव्ह, आणि बुकिंगच्या फॉर्मवर नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनवाली हवा) हवं का म्हणून एक चौकोन आहे, टिक केलं की बिल वाढतं. वर कोर्सचे पैसे वेगळे, कारण कार्ड नसेल तर तो टँक हातात देत नाहीत. माझी बडी (पाण्यातली जोडीदार) म्हणते डोळे झाकून घे, नायट्रॉक्सवर गेल्यापासून ती संध्याकाळी दमत नाही आणि हवाही जास्त वेळ पुरते. दुसरा मित्र म्हणतो वाऱ्याचे पैसे घ्यायचे धंदे आहेत सगळे. कोणाचं ऐकू? आणि हो, माझी हवा अजूनही ग्रुपमध्ये सगळ्यात आधी संपते, हेही सांगून ठेवतो.

पाणबुड्या

अरे तुझ्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे बघ.

हवा जास्त पुरते हे साफ चूक, तुझ्या बडीला सांग. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन, ३२ च्या नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन ३२ आणि नायट्रोजन ६८, पण २०० बारचा टँक २०० बारचाच राहतो आणि तुझी छाती ओढायची तेवढंच ओढते. फरक एवढाच की अंगात नायट्रोजन कमी साठतो म्हणून नो-डेको टाइम, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येतं तो वेळ, वाढतो. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात १८ मीटरला हवेवर ५६ मिनिटं आहेत आणि ३२ वर ९५. ऐकायला भारी ना? पण घोडं पेंड खातं ते इथे. साधा ११ लिटरचा ॲल्युमिनियम टँक धर, ५० बार राखीव ठेवले की हाताशी साधारण १६५० लिटर उरतात, नवीन माणूस पाण्याबाहेरच्या दाबाला मिनिटाला २० लिटर ओढत असेल तर १८ मीटरला दाब २.८ बार म्हणजे मिनिटाला ५६ लिटर जातात. झाला ना खेळ अर्ध्या तासात! ५६ मिनिटं वापरून होत नाहीत तिथे ९५ घेऊन करणार काय.

आता ३० मीटरला ये. तिथे हवेवर फक्त २० मिनिटं नो-डेको, ३२ वर तीसच्या आसपास. ज्याचा श्वास सेट झालाय, १२ लिटरवर चालतो, त्याचा गॅस तिथे ३४ मिनिटं पुरतो. म्हणजे त्याच्या टँकमध्ये गॅस असतो आणि मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर मात्र वर चल म्हणून ओरडत असतो. त्या माणसाचे पैसे वसूल. तुझे ३० मीटरलासुद्धा वीस मिनिटांत संपतील, म्हणजे हवेची लिमिट आणि तुझा टँक एकदमच संपणार 😄

थोडक्यात १८ ते ३० हा नायट्रॉक्सचा पट्टा. १२ मीटरच्या रीफवर ते घेणं म्हणजे निव्वळ हौस.

खारट_बोका

पाणबुड्या दादांचं गणित बरोबर आहे पण ते एका डायव्हचं आहे, इथे पाच दिवस आहेत भाऊ. पहिल्या डायव्हचा नायट्रोजन दुसरीला पूर्ण उतरलेला नसतो, त्यात दुसरीचा मिळतो, मग तिसरी, आणि दुपारी कॉम्प्युटर बघावा तर १८ मीटरलाच मिनिटं इतकी कमी दाखवतो की डायव्ह मास्टर वर चला म्हणून अंगठा दाखवत बसलेला असतो. त्या वेळी नायट्रॉक्स खरं कामाला येतं, हवा पटापट संपवणाऱ्यालासुद्धा. आणि मिनिटं वापरली नाहीस तरी तेवढ्याच वेळात, तेवढ्याच खोलीवर साठलेला नायट्रोजन कमी, तो फायदा उरतोच. फक्त दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाहीत. वाढीव मिनिटं सगळी वापरून टाकलीस तर सेफ्टीची शिल्लक शून्य, मग बेंड्सची (अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची) शक्यता हवेइतकीच. हे कोर्समध्ये सांगतात आणि लोक बोटीवर चढताच विसरतात.

काही जण टँक नायट्रॉक्सचा आणि कॉम्प्युटर हवेवर असं चालवतात, शिल्लक वाढावी म्हणून. नो-डेकोपुरतं ठीक, पण मग ऑक्सिजनचा हिशोब कॉम्प्युटर ठेवत नाही आणि खोलीचा अलार्मही चुकीचा, तो तुमचा तुम्ही डोक्यात ठेवायचा. मला नाही आवडत. मी कॉम्प्युटरमध्ये खरं मिक्स टाकतो आणि कॉन्झर्व्हेटिव्ह (जास्त सावध) सेटिंग वाढवतो.

दमण्याचं म्हणाल तर २००३ साली यावर एक नीट टेस्ट झालीय, कोरड्या चेंबरमध्ये १८ मीटरच्या दाबाला, हवा विरुद्ध नायट्रॉक्स, थकव्यात फरक सापडला नाही. (त्यातला एक डॉक्टर हॅरिस म्हणजे २०१८ ला थायलंडच्या गुहेतल्या मुलांना बाहेर काढणारा तोच.) चेंबरमध्ये लाटा नसतात, गार पाणी नसतं, हे मान्य. पण मला तरी वाटतं लोक कमी दमतात कारण नायट्रॉक्स घेणारे एव्हाना पाण्यात शांत राहायला शिकलेले असतात.

कासवचाल

मी मात्र दमत नाही, टेस्ट काय म्हणायचं ते म्हणो 😌

पण मला दुसरंच सांगायचंय, इथे सगळे पैशावरच बोलतायत. नायट्रॉक्सला खोलीची मर्यादा असते हे कोणी बोललंच नाही. ऑक्सिजनचा पार्शल प्रेशर (एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) १.४ बारपर्यंत धरतात, १.६ ही अगदी शेवटची रेघ, १.४ धरलं तर ३२ ला साधारण ३३ मीटर आणि ३६ ला जेमतेम २८. त्याच्या पुढे गेलात तर फिट आल्यासारखा झटका येऊ शकतो, आधी काही इशारा मिळेलच असं नाही, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातलं रेग्युलेटर गेलं.

एका ट्रिपला माझ्या टँकवरच्या पट्टीवर ३२ लिहिलेलं होतं, कुठल्या बोटीवर ते राहू दे. प्लॅन ३२ मीटरचा. सगळे घाईत, मीही पट्टी बघून सूट चढवत होते, बडी म्हणाली ऑक्सिजन चेक कर गं आधी, केलं तर ३८! गणित करा, ३२ मीटरला ४.२ बार गुणिले ०.३८, बरोबर १.६ ला जाऊन टेकते. भरणाऱ्याने सॉरी म्हणत पट्टी बदलली, संपलं त्याच्यासाठी. तेव्हापासून दुसऱ्याने मोजलेल्या टँकवर मी उतरत नाही, मग तो इन्स्ट्रक्टर का असेना.

नवशिका_मासा

बाप रे. म्हणजे टिक करायच्या आधी कोर्सच करावा लागणार असं दिसतंय. बोटवाल्यांना विचारलं, म्हणाले बहुतेक डायव्ह २० ते २५ च्या, रोजची शेवटची मात्र उथळ. आणि शेवटच्या दिवसानंतर दुसऱ्या सकाळी फ्लाइट आहे, नायट्रॉक्स असेल तर थांबायची वेळ कमी होते का?

पाणबुड्या

नाही. लागोपाठच्या डायव्हनंतर निदान १८ तास, गॅस कुठलाही असो. शेवटच्या दिवशी सकाळचीच डायव्ह कर.

२०-२५ आणि पाच दिवस असतील तर माझं आधीचं मत बदलतो, बोका म्हणतोय ते बरोबर, घे. पण बोटवाल्यांना विचार की पैसे टँकमागे आहेत का ट्रिपचे एकदम. टँकमागे असतील तर रोजच्या त्या उथळ डायव्हला साधी हवा घे, कॉम्प्युटर परत २१ वर टाकायचं तेवढं लक्षात ठेव.

कासवचाल

आणि ॲनलायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजायचं यंत्र) आधी मोकळ्या हवेत धरून २०.९ वर आणायचा, मग टँकला लावायचा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मागे रांग असली तरी.

नवशिका_मासा

रांगेतले ओरडले तर तुमचं नाव सांगतो 😄