मदत हवी आहे: मेक, मेव्हन की सगळंच ग्रेडलवर? पाच जणांची टीम, दारव्हा तालुका, कापूस हंगाम तोंडावर

नमस्कार मंडळी,

इथे पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण दारव्हा तालुक्यात बसून जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. मी नागपूरला सहा वर्षं नोकरी करून परत आले, बाकीचे चौघे इथलेच पोट्टे, यवतमाळ-अमरावतीला शिकलेले. कामाचे तीन तुकडे आहेत, आणि प्रत्येकाचा बिल्ड (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं) वेगळ्या अवजाराने होतो. वजनकाट्यावरून सिरियल पोर्टने वजन वाचून, ओलाव्याची कपात लावून काटापट्टी छापणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम. तो मेकवर बिल्ड होतो. शेतकऱ्यांचा हिशोब आणि चुकारे सांभाळणारा जावा सर्व्हर, तो मेव्हनवर. आणि फाटकातून गाडी आत आली की नोंद करायला अँड्रॉइड ॲप, तिथे ग्रेडलच. तीन कामं, तीन अवजारं, आणि तिन्ही नीट येणारा माणूस एकही नाही. दसऱ्यानंतर खरेदी सुरू झाली की आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याआधी हे सगळं एका दावणीला बांधायचं आहे.

गेल्या हंगामात काय झालं ते सांगते, म्हणजे का विचारतेय ते कळेल. एका जिनिंगने कपातीचा तक्ता बदलला. सीसीआयकडे, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाकडे, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात आणि १२ च्या वर माल परत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खासगीवाले मात्र आपापला तक्ता लावतात आणि बाजार बघून बदलतात. आमच्या पोट्ट्याने सकाळी फाइलमध्ये नवे आकडे टाकले, मेक चालवलं, तयार प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला आणि मोटरसायकलने जाऊन काट्याच्या पीसीवर टाकला. दुपारपर्यंत १९ काटापट्ट्या जुन्याच कपातीने निघाल्या. एका म्हाताऱ्या काकांनी तिथेच सिगारेटच्या पाकिटावर हिशोब करून दाखवला तेव्हा उघडकीला आलं. फरक जिनिंगवाल्याने भरून दिला, पण आमची शोभा व्हायची ती झाली.

घरी येऊन पाहिलं तर फाइलमध्ये आकडे नवेच! आणि मेक म्हणतं, सगळं 'अप टू डेट' आहे. मेक क्लीन करून पुन्हा चालवलं की बरोबर. असं वर्षभरात तीन-चारदा झालं. बिल्डचा डेस्कटॉप जुना आहे, विंडोज १०, यूपीएस मेल्यापासून वीज गेली की तोही जातो, कधी कधी तारीखही भलतीच दाखवतो, पण ते सोडा. मेकवरून माझा विश्वास उडालाय. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं तेव्हा माझ्या आईचंही लग्न झालं नव्हतं. त्यात त्या टॅबची कटकट. एकाने मेकफाइलमधल्या चार ओळी व्हॉट्सॲपवर पाठवल्या, टॅबच्या जागी स्पेस आल्या, आणि 'मिसिंग सेपरेटर' म्हणजे काय ते शोधण्यात आमची एक दुपार गेली.

मेव्हनचं मला आवडतं ते हे, की फोल्डर कुठे, टेस्ट कुठे, सगळं ठरलेलं असतं. नवीन पोरगा आला तरी दोन दिवसांत रुळतो. एक्सएमएल लिहून बोटं दुखतात, ते चालतं. दुखणं आहे ते डाउनलोडचं. आमचं नेट म्हणजे इकडे रखडत चालायची ती शकुंतला एक्सप्रेस. मध्येच तुटलं की मेव्हन ते अपयश लक्षात ठेवून बसतो आणि नेट आल्यावरही पुन्हा विचारायला जात नाही, जबरदस्ती करावी लागते.

ग्रेडल शहाणा आहे, बदललं तेवढंच पुन्हा करतो. पण ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि ग्रेडलचा डेमन (मागे चालू राहणारा भाग) एकत्र आले की मशीन गुडघे टेकतं. शिवाय प्रत्येक प्रोजेक्टच्या रॅपरमध्ये (ग्रेडल उतरवून घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) वेगळी आवृत्ती लिहिलेली, आणि एकेक आवृत्ती शंभर एमबीच्या वर. ग्रूव्हीत लिहावं की कोटलिनमध्ये, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. बेझेलही पाहिलं, गूगलने २०१५ मध्ये खुलं केलेलं. अर्ध्या एकराला हार्वेस्टर. बंद केलं.

तर प्रश्न: सगळं ग्रेडलवर न्यावं का? सी सुद्धा त्यात होतं म्हणतात. की तिन्ही राहू देऊन वर जेन्किन्स (बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर) बसवावा? जेन्किन्सला कायम चालू मशीन लागेल आणि आमचा इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकतो. दुसरं, सध्या ॲपचा अंतिम बिल्ड एकाच पोट्ट्याच्या लॅपटॉपवर होतो. तो आजारी पडला की आम्ही सगळे आजारी.

तर्रीपोहे

काहून ताई, एवढा पसारा मांडून राहिल्या? आम्ही तर एक बॅच फाइल लिहिली, डबल क्लिक केलं का झालं. चार वर्षं झाले, चालून राहिली. लिहिणारा पोट्टा पुण्याले गेला तेवढं सोडलं तर काही टेन्शन नाही. आता तिच्यात हात घालाची कोणाची हिंमत होत नाही, म्हणून तिले कोणी बिघडवतही नाही.

मूळचा_वाशीमचा

ताई, जेन्किन्सचा विचार सोडा. चांगलं अवजार आहे, कोहसुके कावागुचींनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हडसन नावाने सुरू केलं, २०११ मध्ये जेन्किन्स झालं, मी स्वतः चार वर्षं सांभाळलंय. सांभाळलंय हाच शब्द. प्लगइन जुने होतात, एक अपडेट केला की दुसरा रुसतो. पाच जणांच्या टीमला त्यासाठी अर्धा माणूस ठेवावा लागेल.

तुमचा कोड गिटहबवर असेल तर गिटहब ॲक्शन्स वापरा. खासगी रिपॉझिटरीलाही फुकट खात्यात महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. तुम्हाला वाटेल, आमचं नेट असं आणि हा क्लाउडचं सांगतो. उलटं आहे. आज पाचही लॅपटॉप सगळ्या लायब्रऱ्या स्वतः ओढतात. तिकडे बिल्ड केलं तर लायब्रऱ्या त्यांच्या मशीनवर उतरतात, तुमच्याकडून जातात फक्त बदललेल्या चार ओळी आणि परत येते तयार फाइल. तुमची वीज गेली तरी बिल्ड तिकडे चालूच. सी साठी विंडोजची मशीनही मिळते.

धागाकर्ती

हे डोक्यातच आलं नव्हतं. कोड गिटहबवर आहे, पण आम्ही ते फक्त कपाट म्हणून वापरतो. ॲपचं यावर नक्की करून बघते. काट्याच्या प्रोग्रामचं मात्र हंगामात असं असतं की जिनिंगवाला फोनवर असतो, गाड्यांची रांग लागलेली असते आणि दहा मिनिटांत बदल हवा असतो. नेमकं तेव्हाच नेट गेलेलं असलं तर? तो बिल्ड इथेही होता यायला हवा.

जुनाजाणता

ताई, तुम्ही 'पण ते सोडा' म्हणून जे सोडलंत ना, तेच पकडा. वीज गेल्यावर तो डेस्कटॉप तारीख चुकवतो म्हणालात. किती मागे जाते? आणि मेक चालवताना 'क्लॉक स्क्यू' (घड्याळात फरक) असं काही दिसायचं का?

धागाकर्ती

आत्ताच पोट्ट्याला विचारलं. एकदम २००९ चा जानेवारी. दुपारी कोणाच्या तरी लक्षात आलं की हाताने लावतात. आणि हो, 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' यायचं. फक्त इशारा आहे, एरर नाही, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मला तर कोणी सांगितलंही नाही.

जुनाजाणता

मग बिचाऱ्या मेकला शिव्या घालू नका. त्याला तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते समजत नाही, तो फक्त वेळ बघतो. सोर्स फाइल (आपण लिहिलेली) ऑब्जेक्ट फाइलपेक्षा (तिच्यापासून कंपाइल झालेली) नवी असेल तर पुन्हा कंपाइल, नाहीतर नाही. ऑब्जेक्ट फाइल आदल्या दिवशीची, खऱ्या तारखेची. रात्री वीज गेली. सकाळी पोरगा बसला तेव्हा मशीनच्या मते साल २००९. त्याने आकडे बदलून फाइल जतन केली, तिच्यावर शिक्का बसला २००९ चा. मेकने पाहिलं, सोर्स पंधरा-सोळा वर्षं जुनी, ऑब्जेक्ट कालची, म्हणजे काही करायचं नाही. दुपारी तुम्ही तारीख नीट केली तरी त्या फाइलवरचा शिक्का तसाच राहतो. क्लीन केलं की ऑब्जेक्टच उडते, म्हणून मग सगळं बरोबर येतं.

मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली आहे, सीआर २०३२. आलूबोंडा-चहाच्या पैशात कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. विंडोज इंटरनेटवरून वेळ लावून घेईल या भरवशावर राहू नका. घरगुती पीसीवर फरक १५ तासांहून जास्त असेल तर ते आपणहून दुरुस्त करत नाही.

त्याच पीसीवर मेव्हन कधी सर्टिफिकेटची एरर देत होता का? सकाळच्या वेळी?

धागाकर्ती

देत होता! आम्ही नेटवाल्याला फोन करून भांडलो होतो.

जुनाजाणता

२००९ मध्ये बसून आजचं सर्टिफिकेट पाहिलं तर ते अजून लागूच झालेलं नसणार. नेटवाल्याची माफी मागा, किंवा राहू द्या, इतर कारणं असतीलच.

आता मूळ प्रश्न. सी ग्रेडलवर नेऊ नका. होतं, पण त्या वाटेने फार कमी लोक जातात, अडलात तर विचारायला कोणी भेटणार नाही. ग्रेडल मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) बघतो, नुसत्या वेळेवर जात नाही, म्हणून हा घोटाळा तिथे सहसा झाला नसता, हे खरं. पण त्यासाठी अख्खा संसार हलवू नका. जावा सर्व्हर मेव्हनवर सुखात आहे, राहू द्या. मी असतो तर तिन्ही फोल्डरांत एकाच नावाची एक छोटी स्क्रिप्ट ठेवली असती. आत मेक असो की मेव्हन, बाहेरून पोरगा एकच आज्ञा देतो. ग्राहकाकडे जाणारा बिल्ड मात्र नेहमी क्लीन करूनच. तुमच्या सी प्रोग्रामला त्यात किती, अर्धा मिनिट लागेल? तेवढ्यासाठी जोखीम नको.

नेट नसताना मेव्हन ऑफलाइन चालतो, ग्रेडलही. अट एकच, आधी एकदा सगळं उतरवलेलं हवं. मेव्हनमध्ये त्यासाठी 'डिपेंडन्सी गो-ऑफलाइन' आहे. नेट बरं असेल त्या रात्री एका मशीनवर चालवा आणि तो साठा बाकीच्यांना पेनड्राइव्हने द्या. नेक्सस (लायब्रऱ्यांचा साठा सांभाळणारा सर्व्हर) बसवला तर हेच काम व्यवस्थित होतं, पण पुन्हा कायम चालू मशीन आलं. ग्रेडलची आवृत्ती सगळ्या प्रोजेक्टांत एकच करा, तो वाद आजच मिटेल. ग्रूव्ही-कोटलिनचा मिटणार नाही.

आणि एक करा. बिल्ड होताना गिटच्या कमिटच्या (जतन केलेल्या बदलाच्या) खुणेची पहिली सात अक्षरं प्रोग्राममध्ये घाला आणि काटापट्टीच्या तळाशी बारीक छापा. पुढच्या वेळी कोणी काका पट्टी घेऊन आले तर ती कुठल्या कोडने निघाली ते फोनवरच कळेल.

तर्रीपोहे

ते सात अक्षरं आमच्या बॅच फाइलमध्ये कशे घालाचे, ते कोणी सांगन का? पुण्याचा पोट्टा फोन नाही उचलत.

मूळचा_वाशीमचा

ताई, बॅटरीच्या आनंदात एक राहू नये म्हणून विचारतो. ॲप प्ले स्टोअरवर आहे की एपीके (ॲपची फाइल) पाठवता? साइनिंगची की-स्टोअर फाइल (ॲपवर सही करायची किल्ली) कोणाकडे आहे?

धागाकर्ती

एपीके व्हॉट्सॲपवर पाठवतो. की-स्टोअर त्याच लॅपटॉपवर, ज्याचं वर लिहिलंय.

मूळचा_वाशीमचा

फक्त तिथेच? मग टूल कुठलं याच्या आधी हे. ती फाइल किंवा तिचा पासवर्ड गेला तर जुन्या ॲपवर नवं ॲप बसणारच नाही, सही वेगळी म्हणून अँड्रॉइड नाकारतो. प्रत्येक फाटकावर जाऊन जुनं काढून नवं टाकावं लागेल, आणि सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी त्याच्यासोबत जातील. प्लेवर असता तर अपलोडची की बदलून घेता आली असती. दोन प्रती करा, एक कार्यालयाबाहेर. ॲक्शन्समध्ये लागेल तेव्हा सिक्रेट म्हणून ठेवा, कोडमध्ये टाकू नका.

धागाकर्ती

बॅटरी काल बदलली. रात्री मुद्दाम मेन स्विच बंद ठेवला, सकाळी तारीख बरोबर होती. गेल्या वर्षीची ती कपातीची फाइल उघडून पाहिली, अजूनही १ जानेवारी २००९. पोट्ट्यांनी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलाय.

मेव्हन मेव्हनवर, मेक मेकवर, ॲपचा बिल्ड ॲक्शन्सवर, असं ठरवलं. सात अक्षरं छापायला लागलीसुद्धा, फक्त थर्मल प्रिंटरवर शेवटची दोन कापली जाताहेत, ते बघते. की-स्टोअरवाला पोट्टा सध्या बहिणीकडे वर्ध्याला आहे, लॅपटॉप सोबत. पोळ्याला येतो म्हणाला. मी म्हटलं, पोळ्याची वाट बघू नको, उद्याच्या यष्टीने ये. पासवर्ड आठवतो का विचारलं तर म्हणतो, 'बहुतेक.'