जुन्या सोलापुरी चादरीची सिमेंट कुंडी : भेगा पडतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, बाग सगळी गच्चीवर. टॉवेल सिमेंटच्या पातळ मालात बुडवून पालथ्या बादलीवर टाकायचा, की झालरीच्या घड्यांची कुंडी तयार होते, हे तुम्ही पाहिलं असेलच. आमच्याकडे टॉवेल-चादरींना तोटा नाही, सासऱ्यांचा उभा जन्म मागावर गेला. म्हणून मीही हात घातला.

सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळू सारखी घेतली, माल ताकापेक्षा घट्ट, भज्याच्या पिठापेक्षा सैल. बादलीला प्लास्टिकची पिशवी चढवून वर तेलाचा हात फिरवला होता.

पहिली कुंडी होळीच्या आधी केली, टर्किश टॉवेलची. ती बरी निघाली, पण तिच्यात लावलेली जास्वंद महिन्याभरात पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. गेल्या आठवड्यात अजून दोन केल्या. सकाळी करून दिवसभर कुरडयांसारख्या उन्हात ठेवल्या. विरलेल्या चादरीच्या कुंडीला घडी-घडीवर भेगा गेल्या, काठ बोटाने दाबला तर शेंगापोळीसारखा भुगा. दुसरी कोऱ्या, न धुतलेल्या चादरीची. तिच्या खपल्या निघाल्या आणि आतून चादरीवरचा मोर डोकावतोय! सासूबाई म्हणाल्या, "आता पांघरायची का पाणी घालायचं हिला?"

सिमेंट जास्त घालू का? की कापडच चुकतंय? आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेव्हा उपायही बेताच्या पाण्यातले सांगा.

प्रतिसाद १
ताई, चूक कुरडयांत आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन होतं. आपल्या एप्रिलच्या उन्हात ते पाणी दुपारपर्यंतच उडून जातं आणि माल कच्चाच राहतो. नवीन स्लॅबवर गवंडी आळी करून पाणी साठवतात ते उगाच नाही. सिमेंट वाढवलंत तर भेगा आणखी वाढतील. संध्याकाळी करा, सावलीत ठेवा, रात्रभर हात लावू नका. सकाळी ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक घट्ट बांधा. असं झाकलं की दिवसाला तांब्याभर पाणी पुरतं. अशा कोरड्या उन्हाळ्यात साध्या ओपीसी सिमेंटला किमान 10 दिवस, पिशवीवर पीपीसी लिहिलं असेल तर 14. त्यात राख असते, ते सावकाश ताकद धरतं.

प्रतिसाद २
कोऱ्या चादरीत खळ असते ओ! खळीचं कापड पाणीसुद्धा लवकर पीत नाही, सिमेंट कुठून पिणार? गरम पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा साबणाने धुवा. आणि कुठलंही कापड बुडवण्याआधी ओलं करून पिळून घ्या. कोरडं घातलं तर तेच मालातलं पाणी ओढून घेतं. मला विचाराल तर टॉवेलच बरा, त्याच्या फासांत माल धरून राहतो. अख्खी चादर भिजल्यावर दोघांना उचलत नाही, अर्धी कापून घ्या. हातमोजे घाला, सिमेंट कातडी खातं. माझ्या बोटांची सालं निघाली होती.

प्रतिसाद ३
जास्वंदीचं दुखणं वेगळं. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, माती अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह घेता येत नाही. म्हणून शिरा हिरव्या राहून पान पिवळं. त्यात बोअरचं जड पाणी घालत असाल तर विचारूच नका. कुंडी टबात बुडवून ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला, असं चार वेळा. ते पाणी झाडांना नको, अंगण धुवायला वापरा. तेवढं पाणी नसेल तर सरळ आत प्लास्टिकची कुंडी ठेवा, सिमेंटची नुसती शोभेला. तळाला भोक आहे ना?

धागाकर्ती
भोक! बादलीवर टाकताना मधोमध बाटली उभी करायची राहिली. आता ड्रिलने पाडून घेते. जास्वंद परत प्लास्टिकमध्ये हलवली.

शनिवारी संध्याकाळी नवी केली, धुतलेल्या टॉवेलची. गोणपाट आणि प्लास्टिक बांधलंय. सासरे दिवसातून तीनदा गाठ सोडून बघतात आणि पाणी मारून परत बांधतात. आज चौथा दिवस, एकही भेग नाही. मोरवालीचं काय करू ते मात्र कोणी सांगितलं नाही. खपल्या काढून पुन्हा माल लावला तर धरेल का?