ठाणे खाडी: गुलाबी पक्षी बघायला गेलो, आणि...

फेब्रुवारीत ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जाऊन आले. रोहित पक्षी दिसले, पोटभर दिसले. लहान रोहितची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठ्या रोहितची फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. हे एकदा कळलं की थव्यात डोळा आपोआप दोघांना वेगळं काढतो. मान उलटी करून, चोच पालथी घालून चिखलपाणी गाळत बसतात. त्यातल्या शेवाळाचा रंगच त्यांच्या पिसांत उतरतो.

पण घरी आल्यावर डोक्यात राहिला तो चिखल. त्याला मिनिटभर नुसतं बघत राहिलं की तो हलतो! 2015 साली ही सुमारे 17 चौरस किलोमीटर जागा अभयारण्य झाली, 2022 मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, वगैरे माहिती कुठेही मिळेल. मला तुमचे अनुभव हवेत. वासासकट लिहा.

चिंबोरी

हलतो तो चिखल नाही, निवट्या! आमचं बालपण खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेलं, अभयारण्य व्हायच्या कितीतरी आधी. निवटी हा मासा असून पाण्याबाहेर परांवर चालतो, कातडी ओली असेपर्यंत त्याला हवा चालते. पकडायला गेलात की टुणकन उडी, थेट बिळात. आजी म्हणायची, "पाय दाबू नको, सरकव." मी दाबायचो. मग मांडीपर्यंत आत, आणि बाहेर निघायचं तर चपलेवर पाणी सोडायचं.

आजीकडे घड्याळ नव्हतं. भरतीची वेळ तिथीवरून काढायची: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. पुढे शाळेत भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते असं शिकवलं, तेव्हा मला आजीचंच गणित आठवलं. बोटीने जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात, पूर्ण ओहोटीला बोटच टेकते. पाणी अर्धं चढत असताना गाठायचं.

आळशी भटक्या

तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाचं, पान चाटून बघा. चेष्टा नाही. कॉलेजात असताना कांदळवन सफाईला गेलो होतो, तिथल्या ताईंनी चाटायला लावलं. खारट! तिवर मीठ आत घेतो आणि पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळ हे खारफुटीतलंच दुसरं झाड. त्याची रीत वेगळी, तो बरंचसं मीठ मुळांशीच अडवतो. शिवाय त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि रोप म्हणूनच खाली पडतं. पांढऱ्या चिपीची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे राज्याचा कांदळवृक्ष (2020 पासून) फुललेला बघितलेली माणसं कमीच. मीही त्यात नाही.

सफाईचं काम मात्र वैतागवाणं. तिवराची श्वासमुळं पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली असतात आणि प्रत्येकीला पिशवी गुंडाळलेली. ओढली तर मूळ मोडतं. दोन तासांत आमच्या चौघांची जेमतेम एका खोलीएवढी जागा झाली. पुढच्या उधाणाला परत तेवढंच आलं असणार.

कुरव

एक विनंती. आमच्या नावबंधूंना, म्हणजे कुरव पक्ष्यांना (सीगल), गाठ्या-फरसाण टाकू नका. फोटो छान येतो, मान्य आहे. पण ते मासे खाणारे पक्षी आहेत.

घणसोलीकर

कोल्ह्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पहाटे पाचला कांदळवनाच्या कडेने चालत होतो. आधी एक कोल्हेकुई, मग चारी बाजूंनी. मागे गाड्यांचे दिवे, पुढे ही ओरड. एक रस्त्यावर आला, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश तिवरांत शिरला. घाई मलाच होती.

बाराव्या मजल्यावरून

मी नेरुळला राहते. बोटीत कधी बसले नाही, पण उन्हाळ्यात रात्री खिडकीबाहेरून हंसांसारखा आवाज जातो. पहिल्या वर्षी कळेचना. वर चिंबोरी यांनी लिहिलंय ना, भरतीला पक्षी उठून जातात. ते उठून आमच्याकडे येतात, इथल्या उथळ तळ्यांवर. ओहोटी लागली की परत. तळी अभयारण्याच्या हद्दीत नाहीत, पण खाडीतला चिखल बुडाला की पक्ष्यांना टेकायला दुसरं काय आहे?

मे 2024 मध्ये घाटकोपरला रात्री विमानाची धडक बसून 39 रोहित गेले. त्यानंतर तो आवाज आला की मी उठून बसते, निघून जाईपर्यंत.

धागाकर्ती

चिंबोरी, तुमच्या आजींचा हिशेब पडताळला. येत्या तृतीयेला सव्वादोन येतात, भरतीच्या तक्त्यात थोडा पुढे आकडा आहे. बाराची बोट घेतेय. बूट घरी ठेवून.