क्रीट ते सँटोरिनी : यॉटवरून रात्रीचा प्रवास करावा का?

कृष्णाकाठ, सांगली
माझा भाचा युरोपात नोकरीला आहे. सप्टेंबरमध्ये तो आणि त्याचे दोन मित्र १२ मीटर लांबीची शिडाची यॉट भाड्याने घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावरील इराक्लिओनहून सँटोरिनी बेटावर रात्रीतून जाणार असून, मीही सोबत यावे असा त्याचा आग्रह आहे. अंतर सुमारे ६५ सागरी मैल आहे. मला पोहता येते. परंतु आयर्विन पुलाखालच्या कृष्णेपलीकडे माझा पाण्याशी संबंध आलेला नाही. हा प्रवास रात्रीच का करायचा, आणि माझ्यासारख्या नवख्याची त्यात मदत होईल की अडचण, हे जाणकारांनी सांगावे.

दर्यावर्दी, सातारा
निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेवरून ठरवतात. अशी यॉट सरासरी ५ नॉट, म्हणजे ताशी ५ सागरी मैल वेगाने गेली, तर ६५ मैलांना १३ तास लागतात; म्हणजे संध्याकाळी सहाला निघालेली नौका सकाळी सातला, उजेडात पोहोचते. अंधाराचा खरा धोका भर समुद्रापेक्षा किनाऱ्याजवळ अधिक असतो, कारण तेथे खडक असतात, जाळी असतात आणि गावाच्या झगमगाटात बंदराचे दिवे ओळखू येत नाहीत.

मला खटकते ती दिशा. एजियन समुद्रात उन्हाळ्यात, आणि सप्टेंबरमध्येही, मेल्टेमी हा उत्तरेकडचा वारा वाहतो आणि सँटोरिनी इराक्लिओनच्या जवळजवळ सरळ उत्तरेस आहे. शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या तोंडावर थेट जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन राखून नागमोडी जावे लागत असल्याने अंतर दीडपटीच्या घरात जाते आणि सकाळच्या सातचे दुपारचे बारा होतात. इंजिन लावून सरळ जाता येईल, पण मग समोरच्या लाटांचे हादरे रात्रभर सोसावे लागतील. हाच प्रवास सँटोरिनीहून क्रीटकडे केल्यास तोच वारा पाठीशी येतो. भाच्याशी या मुद्द्यावर अवश्य बोला.

ध्रुवतारा, मिरज
नवख्याच्या डोळ्यांचा उपयोग नक्कीच होतो. चौघांत दोन जोड्या करून तीन-तीन तासांचा पहारा ठेवावा आणि प्रत्येक जोडीत एक जाणता असावा. जहाजाच्या डाव्या बाजूस लाल आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट आपल्याकडे येत आहे असे समजावे. एखाद्या दिव्याची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल आणि तो मोठा होत असेल, तर टक्कर संभवते. तेव्हा संकोच न करता झोपलेल्याला उठवावे. सहा मैलांवरून समोर येणारी २० नॉट वेगाची फेरीबोट पंधरा मिनिटांच्या आत आपल्यापाशी येते. पहाऱ्यावर मोबाईल मात्र पाहू नये, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि तो सराव एका नजरेत जातो.

दर्यावर्दी, सातारा
वरील सूचनांत एक भर घालतो. अंधार पडण्यापूर्वीच शीड थोडे आवळून लहान करावे, आणि डेकवर असताना जीवरक्षक जाकिटाचा पट्टा नौकेला अडकवलेला असावा. लघुशंकेसाठी कठड्याशी उभे राहू नये, खालच्या स्वच्छतागृहातच जावे. हा सल्ला हसण्यावारी नेला जातो, पण तो पूर्ण गांभीर्याने देत आहे. पोहता येत असले, तरी रात्री पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके लाटांत शोधणे फार कठीण असते.