अब्रुनुकसानीची नोटीस आली आहे, व्हिडिओ काढू की ठेवू? लवकर सांगा

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. वकिलाची नोटीस आलीये. सात दिवसांत व्हिडिओ काढा, जाहीर माफी मागा आणि ५० लाख भरा, नाहीतर कोर्टात खेचू. बातमी शंभर टक्के खरी आहे, कागद आहेत. तरी व्हिडिओ काढावा लागेल का? आणि पोलिस दारात येणार का, ते आधी सांगा, घरचे घाबरलेत. गूगल करा म्हणून कोणी सांगू नका, करून झालं.

शंकासुर:
कसला व्हिडिओ? कोणाबद्दल? नोटीस तुमच्या नावाने की चॅनेलच्या? पत्रिका न दाखवता भविष्य विचारताय.

गावगप्पा:
माफी मागा आणि मोकळे व्हा. माझ्या साप्ताहिकावर अशीच केस होती. तारखांना जाऊन जाऊन जीव मेटाकुटीला आला. शेवटी समोरच्यानेच कंटाळून मागे घेतली, पण तोवर साप्ताहिक बंद पडलं होतं.

काळाकोट:
घाईने माफी लिहून देऊ नका. तोच कागद उद्या कबुली म्हणून कोर्टात तुमच्याविरुद्ध लावतील.
पोलिसांचं म्हणाल तर बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, जुनं ४९९-५००. थेट एफआयआर होत नाही, मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार करावी लागते. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. ५० लाखांचा आकडा सध्या फक्त वकिलाने टाईप केलाय. दिवाणी दावा लावायचा तर प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत असते. व्हिडिओ कधी टाकला?

पाटीपेन्सिल:
गेल्या महिन्यात. रस्त्याच्या कामाची बातमी आहे, नोटीस ठेकेदाराची. माहिती अधिकारात एमबीच्या (मेजरमेंट बुक, झालेल्या कामाच्या मापांची सरकारी नोंदवही) प्रती काढल्या. त्यात डांबराचा थर ५० मिमी लिहिलाय. मी कॅमेऱ्यासमोर पट्टी लावून मोजला, ३० सुद्धा भरला नाही. यात बदनामी कुठे आली?

टोचणी:
खरं असेल तर कोणी काही करू शकत नाही. विषय संपला.

काळाकोट:
संपला कसा? दिवाणी दाव्यात खरेपणा सिद्ध झाला की भागतं. फौजदारीत नुसतं खरं असून चालत नाही, ते लोकहितासाठी प्रसिद्ध केलं हेही दाखवावं लागतं. कलमाचा पहिला अपवाद वाचा. २०१६ साली सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगारी बदनामीचं कलम वैध ठरवलंय. इथे रस्ता जनतेच्या पैशाचा, त्यामुळे लोकहित दाखवणं जड जाऊ नये.

टोचणी:
म्हणजे खरं बोलूनही आरोपी! पण ६६अ तर २०१५ मध्येच रद्द झालं ना?

काळाकोट:
ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं कलम. इथे काय संबंध?

रिकामटेकडा:
प्रेस कार्ड आहे का? कार्डवाल्यांना कोणी हात लावत नाही. माझ्याकडे आहे, मिळवून देतो.

बोरूबहाद्दर:
कार्ड गळ्यात घालून कोणी बदनामीच्या खटल्यातून सुटल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि डेस्कवर आयुष्य गेलंय. बोलायचा हक्क राज्यघटनेचं कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला देतं. महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, पण तो पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी.
पाटीपेन्सिल, थंबनेलवर काय लिहिलंय ते सांगा. आमच्याकडे बातमीपेक्षा मथळेच जास्त वेळा वकिलाकडे जायचे.

पाटीपेन्सिल:
थंबनेल एडिटिंगवाल्या पोराने केलंय. ठेकेदाराचा फोटो आणि "डांबर कोणी खाल्लं?" प्रश्नचिन्ह आहे की!

बोरूबहाद्दर:
शेजारी फोटो लावलात, मग प्रश्न उरला कुठे? एमबी सांगते नोंद ५० ची. पट्टी सांगते जागेवर कमी. मधलं डांबर ठेकेदाराने खाल्लं, की अभियंत्याने न मोजता नोंद केली, की तुम्ही मोजलेली जागा कडेची होती, हे दोन्हींतून कळत नाही. "नोंदीत एवढं, जागेवर एवढं, ठेकेदाराला विचारलं तर तो हे म्हणाला" ही बातमी टिकते. त्याला विचारलं होतं?

पाटीपेन्सिल:
फोन उचलला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न पाठवले, निळी टिक आलीये, उत्तर नाही. पण उलटतपासणी माझी का चाललीये? नोटीस त्याने धाडलीये!

काळाकोट:
ती निळी टिक जपा. चॅट पुसू नका, फोन विकू नका. पट्टीचं मूळ चित्रीकरण ज्या मोबाईलमध्ये आहे तिथेच राहू द्या. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (जुनं ६५ब) जोडावं लागतं, त्यात फाईलचा हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) लिहायचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या क्लिपचा हॅश मूळ फाईलशी जुळत नाही. आणि एमबीच्या प्रती साक्षांकित करून घ्या.

सुपारीकात्री:
मला दुसऱ्या चॅनेलची क्लिप वापरली म्हणून कॉपीराइट स्ट्राइक आलाय, त्याचं काय करू?

शंकासुर:
वेगळा धागा काढा ताई.

पाटीपेन्सिल:
नोटिशीत "माहिती पुरवणाऱ्याचं नाव कळवा" असंही आहे. कागद माहिती अधिकारातले, पण कुठला अर्ज टाकायचा हे ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं.

बोरूबहाद्दर:
नाव देऊ नका, इथेही नको. आणि "ऑफिसातला एक" हे वाक्य आत्ता संपादित करा.

काळाकोट:
नोटिशीला नाव द्यायचं बंधन नाही. पण गाफील राहू नका. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ नुसार कौन्सिल पत्रकाराला स्रोत सांगायला भाग पाडू शकत नाही, ते कौन्सिलपुरतंच. कोर्टासमोर स्रोत राखण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. शिवाय कौन्सिलच्या कक्षेत वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था येतात, यूट्यूब नाही.
माझं मत: व्हिडिओ राहू द्या, थंबनेल बदला, जुन्याची प्रत ठेवा, आणि मुदतीत वकिलामार्फत मुद्देसूद उत्तर द्या.

टोचणी:
थंबनेल बदललं की दिलीच की कबुली! अजिबात बदलू नका.

बोरूबहाद्दर:
फोटो काढणं म्हणजे माफी मागणं नव्हे. आम्ही दुसऱ्या आवृत्तीत मथळे बदलायचो, बातमी तीच राहायची.

गावगप्पा:
मी अजूनही म्हणतो, माफी मागा.

पाटीपेन्सिल:
थंबनेल बदललं. वकील उद्या भेटतायत. शीर्षकातही तेच वाक्य आहे, तेही बदलू का? आणि याच व्हिडिओचं रील कापलं होतं, ते दुसऱ्या तीन पेजवर फिरतंय.

शंकासुर:
रील?? हे आत्ता सांगताय? त्यात पट्टी दिसते की फक्त फोटो?